खांद्याच्या दोन बाजू

शूराचा घाव छातीवर असतो आणि भेकडाचा पाठीवर, हे सत्य वऱ्हाडात पूर्वापार मान्य आहे. लहान पोरालाही ते शिकवावं लागत नाही. जानरावला गोळी लागली ती मात्र खांद्याला, आणि खांद्याला दोन्ही बाजू असतात. बोरखेडचा सगळा घोटाळा एवढ्यावरून झाला.

पौषात बहिरमची जत्रा लागली की बोरखेड अर्धंअधिक ओस पडायचं. त्या साली तर जास्तच. अमेरिका नावाच्या कुठल्याशा मुलखात लढाई चालू होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता, इथल्या कापसाचा भाव चढला होता, आणि त्यापायी बोरखेडच्या बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या होत्या. लढाई कोणाकोणाची आणि कशासाठी, हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. ती चालू राहावी म्हणून शनिवारी मारुतीला तेल मात्र नेमानं जायचं.

खुशालराव जत्रेला गेला नाही. त्याच्या माजघरात आढ्याला टेकेल एवढा कापूस पडला होता आणि गाड्या सगळ्या जत्रेला गेल्या होत्या. लेकरं मामाबरोबर गेली. घरी तो आणि त्याची बायको जमुना, दोघंच. खुंटीला आज्याच्या वेळची तोड्याची, म्हणजे वातीनं पेटवायची, बंदूक होती. ती वावरातली डुकरं हाकायला. परवान्यात तसंच लिहिलेलं होतं. रात्री वावरातल्या राखणीच्या माळ्यावर न्यायची म्हणून ती ठासून ठेवलेली होती. खरं म्हणजे ठासायची आणि झाडायची जमुनाच. खुशालरावाला बारुदीच्या वासानं शिंका यायच्या.

दिवेलागणीला माजघराच्या गोठ्याकडच्या भिंतीतून माती पडायला लागली.

"घूस हाय," खुशालराव म्हणाला.

"घुशीले सब्बल कोनं देल्ली?" जमुना म्हणाली.

कारण सब्बलीचं, म्हणजे पहारीचं, टोक तोवर आत आलं होतं. जमुनेनं बंदूक काढली आणि वळून पाहिलं, तर खुशालराव नव्हता. कापसाच्या गंजीतून त्याचे दोन पाय तेवढे बाहेर होते. तळव्यांना मोठमोठ्या भेगा होत्या. तिनं आधी त्या पायांवर कापूस ओढला, आणि मग चुलीतल्या निखाऱ्यावर तोडा पेटवला.

भगदाडातून आधी एक खांदा आला, मग मिशा, मग आख्खा माणूस. उंच, वाळका, चाळिशी उलटलेला. उभा राहून त्यानं आधी अंगावरची माती झटकली. हा जानराव. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत शिपाई होता. फौज मोडली तेव्हापासून मिळेल ते करत होता.

"ठेव वो बाई खाली," तो म्हणाला. "हात भाजन."

"आला तसा बाहीर हो."

"हे काय बाईचं काम हाय? मानूस कुठी हाय तुह्या घरचा?"

या प्रश्नाचं उत्तर दोन हातांवर, कापसात श्वास कोंडून बसलं होतं. जमुनेला ते देता येईना. जानरावानं सब्बल उचलली आणि पाऊल पुढं टाकलं. तिनं तोडा लावला.

बंदुकीच्या दस्त्यानं तिच्या खांद्याला असा हिसका दिला की ती चुलीपाशी जाऊन आदळली. घर धुरानं भरलं. नळीत ठासलेली चिंधी जळत कापसाच्या कडेला पडली, ती तिनं अनवाणी टाचेनं विझवली. धूर विरला तेव्हा जानराव नव्हता. ज्या भोकातून आला त्यातूनच गेला होता. गंजीतून शिंक आली.

जानराव चालत विहिरीपर्यंत गेला. त्याला तहान लागली होती. तिथंच तो पडला, आणि जत्रेहून परतणाऱ्या गाड्यांना तिथंच सापडला.

*

गावच्या वैदूनं सगळ्यांच्या आधी आपलं काम केलं. गोळी खांद्यातून आरपार गेली होती. त्यानं विळा लाल केला, पुढून एक डागणी दिली, मागून एक दिली, आणि दोन्हीकडं हळद-चुना थापला. जानराव वाचला. पण आत जायचं भोक कोणतं आणि बाहेर यायचं कोणतं, हे त्यानंतर धन्वंतरीलाही सांगता आलं नसतं.

मग पाटील आले. भगवंतराव पाटलांचं गावावर लक्ष होतं, आणि गावाच्या नावावर त्याहून जास्त.

"गोयी कोनं घातली?" त्यांनी विचारलं.

जमुनेनं तोंड उघडलं. पण पाटलांनी खुशालरावाला विचारलं होतं. खुशालरावाच्या केसांत सरकी होती. तो सगळ्यांकडं पाहत राहिला आणि म्हणाला, "घातली गेली जी."

"वा रे पठ्ठे! कुठी लागली?"

"खांद्याले."

"थे दिसते. कुठं असताना लागली?"

"इहिरीपाशी पडला म्हंजे इहिरीपाशीच लागली असन," शेजारचा उत्तमराव म्हणाला. तो स्वतः त्या वेळी बहिरमला रेवड्या खात होता. "पयत सुटला असन, आन् आपल्या खुशालभाऊनं वट्ट्यावरून टिपला."

"पाठीत," पाटील म्हणाले.

"पाठीतच."

जमुना म्हणाली, "तो आत आलता, मामाजी. सब्बल घेऊन माह्या समोर—"

"तू थांब पोरी, तू भेली हायेस." पाटलांनी तिला प्रेमानं गप्प केलं आणि लोकांकडं वळले. "समोरून लागली म्हनलं तं काय होते? चोर छाती काढून चालून आला असं होते. बोरखेडावर? लोक म्हनतीन, या गावाचा धाकच नाई. पयत होता. पाठीत लागली."

गावाला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. चार दिवसांत गोष्ट विहिरीपाशी राहीना. चिंचेपाशी गेली, ओढ्यापलीकडं गेली. जितका जानराव लांब पळाला तितका खुशालरावाचा नेम वाढला. अमरावतीहून जमादार आला तोवर जानराव शिवेवरच्या बाभळीपर्यंत पोचला होता आणि वारा उलटा होता.

जमादारानं सगळं लिहून घेतलं. पाटलांनी त्याला दही दिलं. दही संपवून तो म्हणाला, "खुशालराव कोण?"

खुशालराव छाती पुढं करून उभा राहिला.

"चल," जमादार म्हणाला. "पळत्या माणसाला पाठीतून गोळी घातलीस. खुनाचा प्रयत्न आहे हा. मेला असता तर फाशी होती. आता काळं पाणी."

पाटील म्हणाले, "आन् चोरी?"

"चोरी कुठली? माणूस शिवेवर होता म्हणता. शिवेवर कोणाचा कापूस होता?"

जमादारानं माजघराच्या दाराला कुलूप घातलं, त्यावर लाख ओतली आणि मोहोर उठवली. आतली गंजी आता मुद्देमाल. सरकारचा हुकूम येईस्तोवर हात लावला तर वेगळा गुन्हा. बंदूक जप्त. भिंतीचं भगदाड त्यानं आत वाकून पाहिलं, पण भगदाडाला कुलूप घालायची रीत नव्हती. जखमी माणूस गाडीत घातला. गाडी खुशालरावाची, बैल खुशालरावाचे, आणि हाकायलाही खुशालरावच बसला, कारण ते बैल दुसऱ्या कोणाला जुमानत नसत. असा तो स्वतःला पकडून स्वतः अमरावतीला घेऊन गेला.

*

दुसऱ्या दिवशी जमुना वेचणीला गेली. बाया मिळत नव्हत्या आणि झाडावरचा कापूस थांबत नाही. खांदा काळानिळा झाला होता. ओटीत कापूस भरला की गाठ मानेत रुतायची, म्हणून तिनं ती दुसऱ्या अंगाला मारली. टाचेवरचा फोड फुटला होता. काळ्या जमिनीच्या भेगांतून ती लंगडत चालली.

"खांद्याले काय झालं वो?" शेजारच्या ओळीतून पार्बताबाईनं विचारलं. ही उत्तमरावाची आई. तिला दिसायचं कमी आणि कळायचं जास्त.

"पडली."

"बंदुकीवर पडली काय?"

जमुनेनं ओटीची गाठ पुन्हा आवळली. म्हातारी बोंडं वेचत राहिली. ओळ संपता संपता म्हणाली, "माहा पोरगा बहिरमले होता. तरी त्यानं सारं पाह्यलं. डोये चांगले हायेत त्याचे."

संध्याकाळी जमुना तशीच कापसाळल्या लुगड्यानं पाटलांच्या ओसरीवर गेली. उत्तमरावही तिथंच होता.

"मामाजी, तुमी लिवून देल्लं थे खोटं हाय. तुमीच बदला आता."

पाटील खरोखर अडचणीत आले होते. खुशालराव त्यांचा लांबचा भाचा लागत होता. "पोरी, मले काय हौस हाय? पन सरकारात सांगतलं थे सांगतलं. आता पाटील खोटा पडला तं गावाची काय किंमत राहीन?"

"गावाची किंमत ऱ्हावी म्हनून माह्या घरच्या मानसानं काया पान्यावर जावं?"

"वयनी," उत्तमराव म्हणाला, "आमी त्याले शिवेवर नेऊन ठेवला. आता आमच्या तोंडानं माजघरात कसा आनावा? थोडाबहुत जवय आनू. चिंचेपाशी म्हनतो मी."

"चिंच घरात हाय काय?"

"नाई."

"मंग काय उपयोग?"

"नेम तं दिसन ना भाऊचा," उत्तमराव म्हणाला. त्याला खुशालरावाबद्दल मनापासून आदर वाटायला लागला होता.

जमुना उठली. जाताना तिनं बोराटीच्या फांद्या तोडल्या आणि बाहेरून भगदाडावर लावल्या. हाताला काटे लागले. आतून उंदरांची खुडबुड ऐकू येत होती. कापसाला हात लावायची बंदी फक्त माणसांना होती.

*

अमरावतीला ती भाऊ किसनरावाबरोबर गेली. बडनेऱ्याकडं आगगाडीचा रस्ता बांधत होते. वाटेभर मुरमाचे ढीग आणि धूळ. शहरात कापसाच्या गाड्यांनी रस्ते असे तुंबले होते की खुनाच्या खटल्याला आलेल्या माणसांनाही वाट मिळेना.

वकील वामनराव पुण्याकडचे. त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं.

"कायदा अगदी सोपा आहे, बाई. दिवस मावळल्यावर घर फोडून चोर आत शिरला, अंगावर आला, तर त्याला गोळी घाला. मेला तरी गुन्हा नाही. हा तुमचा हक्क आहे. पण तो पाठ फिरवून पळाला की हक्क संपला. उंबऱ्याच्या आत हक्क, शिवेवर खून. आता सांगा, तो कुठं होता?"

"माह्या समोर. दोन हातांवर. आन् गोयी माह्या हातची हाय."

वामनरावांनी लेखणी ठेवली. "हे बोलू नका."

"काहून?"

"नवरा अडकला की प्रत्येकीच्या हातची असते. मागच्या महिन्यात एकीनं सांगितलं, दरोडा मी घातला. साहेब हसले. तुमच्याखेरीज कोण सांगेल तो आत होता म्हणून? घरात कोण कोण होतं?"

जमुनेनं विचार केला. "मी, हे, आन् चोर."

"तुमची साक्ष नवऱ्याच्या बाजूची. नवऱ्याची स्वतःच्या बाजूची." वामनरावांनी लेखणी पुन्हा उचलली. "एका जागी तुमच्या म्हणण्याला पुरावा मिळेल. माजघर बंद आहे ना? साहेबांना अर्ज करू, उघडून पाहा म्हणून. भिंत कुठं फोडली, झटापट कुठं झाली, कापूस कसा पडला आहे—"

"कापूस कसा पडला हाय थे पाहतीन?"

"पाहतील ना."

कापूस कसा पडला होता हे जमुनेला ठाऊक होतं. त्यात खुशालरावाच्या मापाचा खड्डा होता, गुडघे पोटाशी घेतलेला.

हाजतीत खुशालराव वाळला होता. दाढी वाढली होती, त्यामुळं जरा शूर दिसत होता. इतर कैदी त्याला मान देत, आपला भात वाढत. शिवेवरच्या बाभळीची गोष्ट तिथंही पोचली होती.

"अवो," जमुना गजांशी तोंड नेऊन हळू म्हणाली, "वकील म्हनते, खोली उघडली तं सुटसान."

"खोली नोको."

"काया पानी हाय थे."

"असू दे."

"मी हात घालून खड्डा मोडून टाकू काय? भोकातून हात पुरते."

"लाख लावली हाय सरकारनं. तूबी आत येशीन. लेकरं कोन पाहीन?" त्यानं गज धरले. नखांत अजून तंबाखूचा रंग होता. "आईक. काया पान्यावर गेलेला मानूस कधी वापस येते, न येते. पन गंजीत लपलेला मानूस रोज गावात चालते. रोज त्याले पोरं पाहतात. मी नाई चालनार तसा."

सोळा वर्षांच्या संसारात तो कशावर इतका ठाम राहिल्याचं जमुनेला आठवत नव्हतं. एकदा वांग्याच्या भाजीवरून राहिला होता, तेवढंच.

"बरं," ती म्हणाली. "खोली नाई उघडत. पन काया पान्यावरबी नाई जाऊ देत."

"मंग काय करशीन?"

"तिसऱ्याले इचारते."

*

तिसरा सरकारी दवाखान्यात होता. पाय खाटेला साखळीनं बांधलेला, खांद्यावर पांढरी पट्टी. शेजारच्या खाटेवरच्या एका जुन्या कैद्यानं त्याला फुकट सल्ला दिला होता: मी वाटसरू, विहिरीवर पाणी प्यायला गेलो, कोणी तरी गोळी घातली, एवढं म्हण आणि गप्प राहा, सुटशील, वर भरपाईही मिळेल. जानराव तो सल्ला गेले पंधरा दिवस पाळत होता.

जमुनेनं पहारेकऱ्याला विचारून भाकर आणि ठेचा पुढं ठेवला. जानरावानं तिला ओळखलं आणि डावा हात आपोआप खांद्याकडं गेला.

"बंदूक नाई आनली?"

"सरकारनं नेली. खा."

तो एका हातानं खायला लागला. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं. ती जमिनीवर बसून वाट पाहत राहिली. अर्धी भाकर झाली तशी म्हणाली, "दुखते काय पाठ?"

"पाठ? खांदा."

"खांदा मंग. मागून लागली म्हनून पाठ म्हनलं."

घास हातात राहिला. "मागून?"

"आख्खं बोरखेड म्हनते. तू पयत होता. शिवेपर्यंत पयाला. धोतर सुटलं होतं म्हनतात."

"कोन म्हनते?"

"पाटील म्हनते. उत्तमराव म्हनते. जमादारानं लिवून नेलं. आता साहेबाच्या पुढं वाचतीन. जानराव नावाचा मानूस, पाठीत गोयी." तिनं भाकरीवरचं फडकं घडी करायला घेतलं. "तू गप्प हाय म्हंजे खरंच असन, असं लोक म्हनतात. मी आपली पाह्यलेलं इसरली असन."

जानराव उठून बसला. साखळी खणखणली, पहारेकरी दारातून डोकावला. "बारा वर्सं शिपाईगिरी केली मी. माह्या बापाच्या आंगावर सात घाव होते, साती पुढं. पाठीवर मच्छर चावलेला नाई आमच्या घरात!"

"मले काहून सांगतं? साहेबाले सांग."

तो बोलता बोलता थांबला. मूर्ख नव्हता. "सांगतलं तं घरफोडी कबूल होते. पाच-सात वर्सं जातीन."

"जातीन."

"आन् नाई सांगतलं तं सुटतो."

"सुटशीन. पाठ घेऊन."

जानरावानं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कापसाच्या गाड्या एकामागं एक उभ्या होत्या. मग त्यानं उरलेली भाकर उचलली.

"समोरून लागली हे सांगतो. घरात होतो हे सांगतो," तो म्हणाला. "पन झाडली कोनं, हे नाई सांगनार."

"थेबी सांग की. खरं हाय थे."

"बाईच्या हातून?" जानरावानं मिशीवरचा ठेचा पुसला. "त्यापरीस पाठीत बरी."

जमुनेनं थोडा विचार केला. तिचा खांदा अजून वर उचलत नव्हता. रंग काळ्याचा हिरवा आणि हिरव्याचा पिवळा झाला होता; आणखी आठ दिवसांनी तोही राहणार नव्हता.

"बरं," ती म्हणाली. "त्याईनं झाडली म्हन."

"मंग ठरलं."

"ठरलं."

जाताना त्यानं हाक मारली. "अवो बाई, त्या वक्ती तुहा मानूस होता कुठी?"

"ठेचा तिखट झाला काय?" जमुनेनं विचारलं, आणि ती निघाली.

*

खटला चैत्रात चालला. कचेरीच्या आवारात ऊन असं होतं की साक्षीदार कडुनिंबाच्या सावलीबरोबर सरकत होते. अख्खं बोरखेड आलं होतं. वावरं ओस पडली होती, पण गावाच्या नावाचा प्रश्न होता.

साहेब शिकारीचा शौकीन होता. त्यानं आधी बंदूक मागवली, नळीतून पाहिलं, आणि नाक मुरडलं. शिरस्तेदार एकेकाला विचारू लागला.

भगवंतराव पाटील शपथेवर म्हणाले, "दोनशे पावलं असन जी."

उत्तमराव शपथेवर म्हणाला, "तीनशे. वारा उलटा."

साहेबानं बंदूक टेबलावर ठेवली आणि काही बोलला. शिरस्तेदारानं सांगितलं, "साहेब म्हणतात, या बंदुकीनं पन्नास पावलांवर उभा हत्ती लागणार नाही. पुन्हा एकदा सांगा."

उत्तमरावाला घाम फुटला. "मी बहिरमले होतो जी," तो म्हणाला. हे त्याचं त्या खटल्यातलं पहिलं खरं वाक्य.

मग जानरावाला आणलं. त्यानं कोणी विचारायच्या आत सदरा उतरवला आणि पुढची डागणी साहेबाकडं केली. "इकडून गेली, तिकडून निंघाली. मी घरात होतो. भिंत मी फोडली, सब्बल माही, चोरी कराले आलतो. समोर उभा होतो, दोन हातांवर. पाठ दाखवली नाई. हे नीट लिवा."

शिरस्तेदार थबकला. "तुला कळतं का तू काय कबूल करतोस?"

"मले कयते. तुमाले लिवता येत असन तं लिवा."

गावाच्या तोंडाकडं पाहवत नव्हतं. त्यांचा भेकड चोर सगळ्यांसमोर छाती काढून उभा होता आणि वर घरधन्यालाच सोडवत होता.

"गोळी कोणी घातली?"

जानरावानं बायांच्या घोळक्यात उभ्या जमुनेकडं पाहिलं नाही. "घरधन्यानं," तो म्हणाला. "मर्दासारखी."

साहेब खुशालरावाकडं वळला. आता त्याला सोडायचंच होतं, पण चांगल्या शिकाऱ्याला चांगल्या नेमाची चौकशी केल्याखेरीज राहवत नाही. शिरस्तेदारानं विचारलं, "तू त्या वेळी कुठं उभा होतास?"

वामनरावांनी डोळे मिटले. जमुनेनं पदराचं टोक दातांत धरलं.

"कापसापाशी जी."

"किती जवळ?"

"लय जवय," खुशालराव म्हणाला.

साहेबानं मान डोलावली. मालाचं रक्षण करणारा शेतकरी कसा असावा, यावर तो थोडं बोलला. शिरस्तेदारानं त्याचं मराठी केलं आणि पाटलांना पुन्हा धीर आला. खुशालराव निर्दोष सुटला. डुकरांसाठी परवाना असताना बंदूक माणसावर झाडली म्हणून थोडा दंड झाला, आणि बंदूक जमा राहिली. जानरावाला सहा वर्षं सक्तमजुरी. ती ऐकताना त्यानं मिशीला पीळ दिला. बाहेर नेताना तो पाटलांपाशी थांबला. "धोतर सुटलं होतं काय जी माहं?" त्यानं विचारलं. पाटलांनी कडुनिंबाकडं पाहिलं.

*

परतताना गाडीत दोघंच होते. लोक मागच्या गाड्यांतून खुशालरावाच्या नावानं ओरडत होते. त्यांनी आता गोष्ट दोन हातांवर आणली होती आणि ती तिथंही छान बसत होती: शिवेवरून कोणीही मारतो, समोरासमोर मारायला काळीज लागतं.

खूप वेळानं खुशालराव म्हणाला, "तू काहून नाई सांगतलं?"

"कोन आयकते?"

"आयकलं असतं तं?"

जमुनेनं खांदा चोळला. दिसत काही नव्हतं, पण पूर्वेचं वारं सुटलं की दुखायचा. तो पुढं आयुष्यभर दुखला.

"बैल हाका," ती म्हणाली. "वावरात कापसाची पऱ्हाटी उपटायची राह्यली हाय."

तो बैल हाकू लागला. थोड्या वेळानं त्यानं आपल्या बसण्याखालचं गोणपाट काढलं आणि तिच्या पाठीमागं घातलं.

माजघर उघडायचा हुकूम मात्र लगेच आला नाही. तो एका कचेरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत फिरला. तेवढ्यात अमेरिकेतली लढाई थांबली. कोण जिंकलं हे बोरखेडात कळलं नाही. कापसाचा भाव कोसळला एवढं कळलं. मारुतीचं तेल बंद झालं.

ज्येष्ठात जमादार आला. त्यानं मोहोर तपासली, लाख फोडली, कुलूप काढलं. गाव जमलं होतं. पाटील पुढं होते. खुशालराव मागं, म्हाताऱ्या पार्बताबाईच्या आड उभा होता आणि त्याचा चेहरा कापसासारखा झाला होता. जमुना दारातून सगळ्यांच्या आधी आत शिरली.

भगदाडावरच्या बोराटीच्या फांद्या तिनं लावल्या होत्या तशाच होत्या. साडेपाच महिन्यांत कोणी चोरायला आलं नव्हतं. कापूस पिवळा पडला होता आणि उंदरांच्या लेंड्यांनी भरला होता. गंजीतला खड्डा जागेवर होता, गुडघे पोटाशी घेतलेला.

"हे काय?" जमादारानं वाकून विचारलं.

खड्ड्यात मांजर व्यालं होतं.